अख्ख्या ज्वारीची मोसंबी घातलेली कोशिंबीर : घुगऱ्या मोकळ्या राहाव्यात आणि फोडी कडू होऊ नयेत म्हणून

या कोशिंबिरीची कृती मी आजवर किमान दहाबाराजणींना तोंडी सांगितली. त्यातल्या निम्म्याजणींचा दुसऱ्या दिवशी फोन आला. जाऊबाईंची ज्वारी रबरासारखी झाली होती. भाचीच्या घरी ज्वारीची पेज झाली. एका मैत्रिणीची कोशिंबीर सकाळी छान होती आणि दुपारी डबा उघडला तर कडू. चौथीने तर ताटलीच वाकडी करून फोटो पाठवला. खाली सगळं पाणी आणि वर तरंगणाऱ्या मोसंबीच्या फोडी.

प्रमाण सगळ्यांचं बरोबर होतं. चुकला होता तो क्रम, आणि आवरलं गेलं नव्हतं ते पाणी. आपल्या मराठवाड्यात पाणी पुरत नाही म्हणून ओरड आणि ही कोशिंबीर मात्र हमखास पाण्यातच बुडते. ज्वारीला शिजताना लागलेलं पाणी, काकडीला सुटणारं पाणी आणि मोसंबीचा रस, ही तीन पाणी एकत्र कधी येऊ द्यायची, एवढंच यात शिकायचं आहे. म्हणून या वेळी तोंडी न सांगता सविस्तर लिहिते आहे.

साहित्य (चार-पाच जणांसाठी)

अख्खी ज्वारी 200 ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठी वाटी. मोसंबी 3, मध्यम आकाराची. कागदी लिंबू 1 रसाळ, नसेल तर 2. करडईचं तेल 2 मोठे चमचे. भाजलेले शेंगदाणे अर्धी वाटी. काकडी 1, आणि मिळालं तर तिच्याऐवजी वाळूक. एक लहान कांदा किंवा मूठभर पातीचा कांदा, मूठभर कोथिंबीर, 2 हिरव्या मिरच्या, पाव चमचा मोहरी, अर्धा चमचा जिरे, चिमूटभर हिंग, सात-आठ कढीपत्त्याची पानं आणि मीठ.

साखर लिहायची राहिली असं समजू नका. मोसंबी मुळातच गोड असते, आंबटपणा तिच्यात फार कमी. संत्र्याची एखादी कृती कुठेतरी वाचून तिच्यात नुसती मोसंबी बदलून टाकली की कोशिंबीर मिळमिळीत होते ती यामुळेच. आंबटपणाचं काम इथे लिंबानेच करायचं आहे, त्यामुळे लिंबू वगळू नका.

वेळेचा हिशेब आधी

दुपारी साडेबाराला जेवायचं असेल तर आदल्या रात्री नऊला ज्वारी भिजली पाहिजे. सकाळी आठला कुकर, नऊला ज्वारी ताटात पसरलेली, साडेअकराला मोसंबी सोलायला घ्यायची आणि बाराला कालवायचं. प्रत्यक्ष हात लावून करण्याचं काम तासाभराचंही नाही, बाकी सगळं थांबणं आहे. ‘आत्ता पाहुणे आले, पटकन करू’ या जातीचा हा पदार्थ नाही. त्यांना पोहेच करा.

1. ज्वारी निवडणे

रब्बीची ज्वारी घ्या. मालदांडी किंवा परभणी मोती अशी टपोऱ्या, चमकदार दाण्याची असली तर उत्तम. दगडी नावाची कडक दाण्याची ज्वारीही चालते, पण तिला शिजायला जास्त वेळ लागतो. पावसात सापडलेली खरिपाची ज्वारी, जिच्या दाण्यावर काळपट किंवा गुलाबी डाग असतात, ती इथे नको. ते डाग बुरशीचे असतात आणि धुऊन जात नाहीत. भाकरीच्या पिठात ते कळत नाहीत, अख्ख्या दाण्यात लगेच दिसतात. खरं तर अशी ज्वारी भाकरीलाही वापरू नये.

नवी की जुनी, हे दुकानदाराला विचारून घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये नुकतीच काढलेली ज्वारी लवकर शिजते आणि थोडी चिकट होते. वर्षभर कोठीत राहिलेली जास्त पाणी पिते आणि वेळ खाते, पण दाणे मोकळे राहतात. मला या कामासाठी पाच-सहा महिने जुनी आवडते.

*सावधान :* पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतलं उरलेलं बियाणं कधीही खायला घेऊ नका. त्यावर बुरशीनाशकाचा लेप असतो. बहुतेक वेळा तो गुलाबी, लाल किंवा हिरवट रंगामुळे ओळखू येतो. धुतल्यावर रंग गेला म्हणजे विष गेलं असं होत नाही. शेतकऱ्याच्या घरात ही गफलत व्हायला एक सांडलेली पिशवी पुरते.

घरच्या कोठीतली ज्वारी असेल तर तिच्यात काय घातलं होतं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. कडुलिंबाचा पाला असेल तर काही अडचण नाही. बोरिक पावडर चोळलेली असेल तर चार-पाच पाण्यांनी खळाळून धुवावी लागते. धान्यात ठेवण्याच्या विषारी गोळ्या वापरल्या असतील तर ती ज्वारी या कोशिंबिरीला घेऊच नका.

2. पाखडणे, रोळणे, भिजवणे

सुपात पाखडून कोंडा आणि हलके दाणे उडवा, मग ताटात घेऊन खडे निवडा. भाकरीच्या ज्वारीत खडा राहिला तर तो गिरणीत दळला जातो, इथे तो थेट दाढेखाली येतो. नंतर पातेल्यात भरपूर पाणी घालून ज्वारी रोळून घ्या. म्हणजे पातेलं तिरपं धरून हलवत हलवत वरची ज्वारी पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात घ्यायची, खडे तळाशी राहतात. तरंगणारे दाणे पोकळ किंवा किडके असतात, ते काढून टाका. हे रोळणं आता कुणी करत नाही. मोठ्या बाजारातली ‘स्वच्छ, निवडलेली’ ज्वारीही मी रोळूनच घेते, कारण मागे एका पाहुण्यांची दाढ दुखावली होती.

धुतलेली ज्वारी तिच्या तिप्पट पाण्यात 10 ते 12 तास भिजत घाला. उन्हाळ्यात ते पाणी मध्ये एकदा बदला, नाहीतर सकाळी आंबूस वास येतो. रात्री उठायचं नसेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा आणि वेळ 14 तासांपर्यंत वाढवा.

भिजवण्याचं पाणी शिजवायला वापरू नका. झाडांना घाला.

*सावधान :* ज्वारीला मोड येऊ देऊ नका. मटकी-मुगाच्या सवयीने बऱ्याचजणी ‘मोड आणले तर अजून पौष्टिक’ म्हणून फडक्यात बांधून ठेवतात. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारा घटक असतो. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. कारण तेच आहे. मोड आलेली ज्वारी कच्ची कोशिंबिरीत घालणं हा प्रयोग करूच नका.

*तपासा :* भिजलेला दाणा नखाने दाबून पाहा. नख थोडं रुतलं पाहिजे. काचेसारखं घसरत असेल तर अजून दोन तास थांबा.

3. घुगऱ्या शिजवणे

आपल्याकडे ज्वारीच्या घुगऱ्या म्हणतात त्याच या, फक्त थोड्या कमी फुललेल्या हव्यात. खायच्या घुगऱ्या मऊसूत चालतात. कोशिंबिरीतला दाणा दाताखाली फुटल्याचं कळलं पाहिजे.

भिजलेली ज्वारी निथळून थेट कुकरमध्ये घाला, डब्यात नको. डब्यात ठेवली की वरचे दाणे कच्चे आणि खालचे गिच्च होतात. 200 ग्रॅम ज्वारीला 600 ते 650 मिलीलिटर पाणी, अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा तेल. तेलामुळे फेस कमी येतो आणि शिट्टीतून पाणी उडत नाही. कुकर अर्ध्याहून जास्त भरू नका.

मोठ्या आचेवर पहिली शिट्टी होऊ द्या. मग आच अगदी मंद करा आणि 20 मिनिटं ठेवा. गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. नव्या ज्वारीला 15 मिनिटं पुरतात, जुन्या दगडीला 25 ते 30 लागतात.

शिट्ट्या मोजू नका. सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो. ‘किती शिट्ट्या?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तुमची आच, तुमचा कुकर आणि त्याचं रबर मला माहीत नाही. मोठ्या आचेवरच्या सहा शिट्ट्या पाच-सहा मिनिटांत संपतात. तेवढ्यात दाण्याची बाहेरची बाजू फुटते आणि आतला गाभा कोरडाच राहतो. मंद आचेवरची वीस मिनिटं उष्णता आतपर्यंत पोहोचवतात. जाऊबाईंची ज्वारी रबर झाली ती आठ शिट्ट्या देऊनसुद्धा, आणि तिने ती न भिजवता टाकली होती ते वेगळंच.

सोडा घालू नका. दाण्याचं साल सुटतं, रंग पिवळट होतो आणि साबणासारखी चव मागे राहते.

कुकर नसेल तर जाड बुडाच्या भगुन्यात भरपूर पाणी उकळून, भात वेळून काढतात तसं शिजवा. झाकण थोडं उघडं, आच मध्यम, वेळ 50 ते 60 मिनिटं. पाणी आटलं तर उकळतं पाणीच घाला, थंड नको. वेळ असेल तर मी हीच पद्धत घेते, कारण चमच्याने दाणे काढून पाहता येतात आणि हवं तिथे थांबता येतं.

*तपासा :* पाच दाणे काढा आणि सुरीने मधोमध कापा. मध्ये खडूसारखा पांढरा ठिपका दिसला तर अजून पाच मिनिटं. पाचातले एक-दोन फुललेले आणि बाकीचे अख्खे असतील तर बरोबर. पाचही फुलले असतील तर थोडं जास्त झालंय, पण चालेल. आकारच उरला नसेल तर कोशिंबिरीचा विचार सोडा. त्यात ताक, मीठ, लसूण घालून कण्यांसारखं प्या. ते छानच लागतं.

4. निथळणे आणि वाळवणे

हा टप्पा लोक सरळ गाळतात, आणि ताटलीत पाणी सुटतं ते इथूनच.

शिजलेली ज्वारी चाळणीत ओता आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या. खाली पडलेलं दाटसर पाणी फेकू नका, आमटीत जातं. गार पाण्याखाली ज्वारी धुऊ नका. शेवया किंवा मॅगीच्या सवयीने तसा मोह होतो, पण गरम दाणा पाणी पटकन ओढून घेतो आणि ते नंतर कोशिंबिरीत सोडतो.

निथळली की मोठ्या परातीत स्वच्छ सुती पंचा अंथरून त्यावर एकाच थरात पसरा. पंखा लावा. वीस मिनिटांनी हाताने खालीवर करा. वाफ जाऊन दाण्याची वरची बाजू कोरडी होते, आत मात्र ओलावा राहतो. तेच हवं आहे.

*तपासा :* मूठभर ज्वारी उचलून परातीत सोडा. दाणे सुटे पडले पाहिजेत. लाडू पडला तर अजून पंधरा मिनिटं पंखा.

*सावधान :* पंख्याखाली तासभर ठीक, पण शिजलेलं धान्य सकाळपासून दुपारपर्यंत ओट्यावर उघडं ठेवू नका. शिजलेल्या भातात वाढणारे जिवाणू यातही वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. हवा थंड असेल तर दोन तासांची मर्यादा धरा. एप्रिल-मेमध्ये घरातच 38-40 अंश असताना एक तास. त्यापुढे फ्रिज.

5. फोडणी : ज्वारीवर, फळावर नाही

कोशिंबीर म्हटली की आपला हात शेवटी फोडणी ओतायला जातो. इथे तसं केलंत तर गरम तेलाने मोसंबीच्या फोडी शिजतात, फुटतात आणि रस सोडतात. फोडणी आत्ताच, ज्वारी कोमट असताना घालायची.

एक मोठा चमचा करडईचं तेल तापवा. मोहरी तडतडली की जिरे, हिंग, कढीपत्ता, बारीक चिरलेल्या मिरच्या. हळद नको, मोसंबीचा फिका पिवळा रंग मग दिसत नाही. फोडणी कोमट ज्वारीवर ओतून हलक्या हाताने कालवा. त्यावर एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि पाव चमचा मीठ घाला. कोमट दाणा आंबट-खारट आत ओढतो. पूर्ण गार झालेल्या दाण्याला ते बाहेरूनच चिकटून राहतं आणि मग ‘ज्वारीला चव नाही’ म्हणून वरून मीठ वाढत जातं.

आता ज्वारी झाकून पूर्ण गार होऊ द्या. गार झाली की कालवेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा.

6. मोसंबी

आमच्याकडे मोसंबी म्हणजे दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना न्यायचं फळ, आणि तिचा रस काढण्यापलीकडे फारसं काही केलं जात नाही. त्यामुळे जालना, अंबड, पैठणच्या बागा जवळ असूनही ती नीट सोलायची कशी, हे कुणी शिकत नाही.

*निवड.* हातात घेऊन वजन बघा. त्याच आकाराच्या दोन फळांत जड असेल ते रसाळ. सालीचा रंग फसवतो, हिरवट फळही आतून तयार असू शकतं. साल पातळ आणि हाताला गुळगुळीत लागली पाहिजे. जाड, खडबडीत, हलकं फळ म्हणजे नुसतं सालपट. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची फळं पावसाळ्याच्या शेवटापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत येतात, मृग बहाराची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या फुलांची, उन्हाळ्याच्या तोंडावर. आंबियातली अगदी सुरुवातीची फळं भाव मिळतो म्हणून कधीकधी लवकर तोडलेली असतात, ती पाणचट लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची मोसंबी आणि नवी ज्वारी एकदमच बाजारात असतात. तेव्हाही कोशिंबीर करता येते, फक्त नवी ज्वारी कमी वेळ शिजवा.

*कडूपणा कुठून येतो.* सालीखालचा पांढरा कापसासारखा थर, पाकळ्यांमधले पापुद्रे आणि बिया या तिन्हींत असा एक घटक असतो जो स्वतः कडू नसतो. फळ कापलं, पिळलं, की तो आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. ते कडू. म्हणून मोसंबीचा ताजा रस गोड लागतो आणि तोच दोन-तीन तासांनी कडवट. माझ्या मैत्रिणीचा डबा सकाळी छान आणि दुपारी कडू झाला त्यामागे हेच होतं. तिने पाकळ्या पापुद्र्यासकट, बियांसकट चिरून घातल्या होत्या.

*सोलणे.* संत्र्यासारखी हाताने सोलू नका. पांढरा थर फळालाच चिकटून राहतो.

फळ धुऊन पुसा. धारदार सुरीने वरून आणि खालून साधारण एक सेंटिमीटरची चकती उडवा, आतला गर दिसेपर्यंत. फळ पाटावर उभं ठेवा. वरून खाली, फळाच्या गोलाईने सुरी फिरवत साल आणि पांढरा थर एकदमच काढा. थोडा गर सालीबरोबर गेला तरी चालेल, पांढरं राहायला नको. कंजूषपणा इथे महागात पडतो.

आता सोललेलं फळ एका वाडग्यावर धरा. प्रत्येक पाकळीच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे दिसतील. पापुद्र्याला लागून आत सुरी घाला, मग दुसऱ्या बाजूने, आणि मधली फोड अलगद बाहेर येईल. बिया त्याच वेळी काढा. उरलेला पापुद्र्यांचा चोथा हलक्या हाताने एकदाच पिळून दोन चमचे रस घ्या. कचकचून पिळू नका, कडूपणा चोथ्यातूनच येतो.

हे जमत नसेल तर पाकळ्या वेगळ्या करा, पाकळीची पातळ कड कात्रीने कापा आणि पापुद्रा दोन्हीकडून उलटून काढा. लहान बाळाला देताना आजी करायची तसं. वेळ दुप्पट लागतो, पण बोट कापत नाही. पहिल्या फळाचा चुराडा होणारच. तो खाऊन टाका आणि दुसरं घ्या. म्हणूनच बाजारातून तीनऐवजी चार आणा.

फोडी मोठ्या असतील तर दोन तुकडे, त्याहून लहान नाही. फोडी चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या.

*तपासा :* एक फोड आणि एक चमचा रस चाखा. आत्ताच कडवट लागत असेल तर रस वापरूच नका आणि फोडी पुन्हा पाहा, कुठेतरी पांढरं राहिलेलं असेल.

मोसंबीऐवजी पपनस किंवा ग्रेपफ्रूट घालायचं असेल तर घरात कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या कोण घेतं ते आधी बघा. ही दोन फळं काही औषधांचा परिणाम धोकादायक पातळीपर्यंत वाढवू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

7. बाकीची तयारी

मोसंबी निथळते तोवर हे होतं.

काकडी उभी चिरून मधला बियांचा मऊ भाग चमच्याने खरवडून काढा, बारीक फोडी करा, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि मुठीत पिळा. पिळल्यावर जेवढं पाणी निघतं तेवढंच तुमच्या ताटलीत सुटणार होतं. वाळूक असेल तर तेही असंच.

कांदा बारीक चिरून उरलेल्या लिंबाच्या रसात भिजवून ठेवा. उग्रपणा जातो.

शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजून, सालं काढून, खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सरमध्ये बारीक कूट करू नका. बारीक कूट रस पिऊन लगदा होतो आणि मग सगळ्या कोशिंबिरीला त्याचीच चव येते. इथे अर्ध्या आणि पाव दाण्याचे तुकडेच हवेत.

शेतात घोळ ही रानभाजी मिळाली तर तिची कोवळी पानं स्वच्छ धुऊन मूठभर घाला. तिचा खारट-आंबट रसरशीतपणा मोसंबीबरोबर जमतो. हरभऱ्याच्या दिवसांत कोवळे सोलाणे, म्हणजे ओले हरभरेही.

8. कालवणे

ज्वारी पूर्ण गार आहे ना, हे हात घालून बघा. कोमट असेल तर थांबा.

मोठ्या परातीत ज्वारी घ्या. लिंबासकट कांदा, पिळलेली काकडी, कोथिंबीर घालून कालवा. उरलेला एक मोठा चमचा करडईचं तेल आणि मोसंबीचा दोन चमचे रस एका वाटीत चांगला फेटा आणि वरून घाला. पुन्हा कालवा. आता चव बघा. या क्षणी ती थोडी जास्त आंबट आणि थोडी जास्त खारट लागली पाहिजे, कारण गोड फोडी अजून यायच्या आहेत. हे ऐकून सगळ्या घाबरतात आणि मीठ कमी ठेवतात. ठेवू नका.

फोडी सगळ्यांत शेवटी. चमच्याने ढवळू नका. दोन्ही हातांनी खालून वर दोन-तीनदा उलथवा आणि थांबा. वाढताना वरून शेंगदाणे.

दही घालायचा मोह झाला तर मोसंबी वगळा. लिंबू, मोसंबी आणि दही एकत्र आलं की दही फुटून पातळ होतं. ज्वारी, काकडी, दही आणि फोडणी ही वेगळी चांगली कोशिंबीर आहे, ती दुसऱ्या दिवशी करा.

9. बिघडलं तर

ज्वारी फ्रिजमधून काढल्यावर कडक लागते. शिजलेल्या धान्यातलं पिष्ट थंडीत पुन्हा आवळतं, तुमची चूक नाही. फोडी घालण्याआधी ज्वारी पाच मिनिटं वाफवा, पसरून गार करा, मग पुढे जा.

पाणी सुटलं असेल तर सगळं चाळणीत घालून निथळा, निघालेलं पाणी चाखा. कडू नसेल तर त्यात चिमूटभर मीठ घालून पिऊन टाका. कोशिंबिरीत जाडसर कूट दोन चमचे वाढवा.

मिळमिळीत लागली तर आधी मीठ, मग लिंबू. तिखट वाढवून हे जात नाही.

कडू झाली तर साखर घालून काही उपयोग नाही. फोडी वेचून काढा, ज्वारी निथळा, ताजी मोसंबी सोला. मी एकदा हळदीकुंकवाला बायका यायच्या अर्धा तास आधी हे केलं आहे, एकटीने, दार लावून.

10. डबा आणि उरलेलं

डब्यासाठी तीन वेगळे कप्पे करा. फोडणीची ज्वारी आणि भाज्या एकात, निथळलेल्या फोडी दुसऱ्यात, शेंगदाणे तिसऱ्यात. मोसंबीचा रस वगळा, लिंबू पुरतं. शाळेच्या डब्यात उन्हाळ्यात मी हा पदार्थ देतच नाही. सकाळी सातला भरलेला डबा साडेअकराला उघडतो आणि तोवर तो वर्गाच्या खिडकीतल्या उन्हात असतो.

फोडणी दिलेली पण काहीही न कालवलेली ज्वारी बंद डब्यात फ्रिजमध्ये तीन दिवस राहते. कालवलेली कोशिंबीर त्याच जेवणात संपवा. उरलीच तर फोडी वेचून खाऊन टाका, बाकीचं लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर थोड्या तेलात लसूण आणि तिखट घालून परता. काकडीचं पाणी आटेपर्यंत आच मोठी ठेवा, मग झाकण न घालता दोन मिनिटं. चहाबरोबर खायला गरम घुगऱ्या तयार.